मंत्रीसाहेब, टॉवरच्या घड्याळाला चावी देणारा माणूस बजेटच्या कुठल्या हेडमध्ये बसतो?

मा. मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या मंगळवारी आमच्या गावच्या चौकातल्या टॉवरमधलं घड्याळाचं जुनं मशीन पालिकेच्या माणसांनी उतरवलं आणि टेम्पोत टाकून नेलं. गावाचं नाव लिहीत नाही, माझं भांडण एका गावाशी नाहीच. तीन वर्षांत मी नऊ अर्ज दिले, "डिसेंबरअखेर दुरुस्ती होईल" असं शिक्क्यानिशी लेखी मिळालं होतं, आणि आता तिथे लाल आकड्यांचा बोर्ड लावलाय. लाईट गेली की तोही बंद.

माझ्या बाबांनी त्या घड्याळाला २६ वर्षं चावी दिली. दर रविवारी सकाळी हँडल फिरवून वजनं वर चढवायची, मग आठवडाभर ती हळूहळू खाली येत राहायची आणि त्यावर काटे चालायचे, टोले पडायचे. एप्रिलमध्ये ऊन वाढलं की लंबकाची दांडी लांबते, घड्याळ मागे पडायला लागतं, मग बाबा लंबकाखालचं नट अर्धा आटा फिरवून वजन थोडं वर घ्यायचे. थंडीत उलटं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, ऐकून ऐकून आलं. मंगळवारी ते टेम्पोच्या मागे चौकाच्या टोकापर्यंत चालत गेले. वय ७८. रात्री जेवले नाहीत.

साहेब, मी लहान असताना बाबा मला मुद्दाम मुंबईला राजाबाई टॉवर दाखवायला घेऊन गेले होते. ओव्हल मैदानावर उभं करून म्हणाले, नीट बघ. २८० फूट उंची, त्या काळी मुंबईत एवढं उंच काही नव्हतं. १ मार्च १८६९ ला पाया घातला आणि १८७८ च्या नोव्हेंबरात काम संपलं, म्हणजे जवळपास पावणेदहा वर्षं. नकाशे काढले लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, ते हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत, दगड मात्र आपला, कुर्ल्याचा. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी २ लाख रुपये दिले आणि अट एकच, टॉवरला आईचं नाव द्या. त्या बाईंना दिसत नव्हतं, जैन असल्यामुळे सूर्यास्ताआधी जेवायचं असायचं, टोल ऐकून वेळ कळावी म्हणून लेकाने हे केलं असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण बाबांनी मला ते सांगताना त्यांचे डोळे भरले होते. घड्याळ कशासाठी असतं ते मला तिथे कळलं. ज्याला दिसत नाही, ज्याच्याकडे मनगटी घड्याळ नाही, त्यालासुद्धा वेळ कळावी म्हणून.

आणि तोही टॉवर आपोआप टिकला नाही. टीसीएस कंपनीने सुमारे ४ कोटी दिले तेव्हा २०१३ ते २०१५ मध्ये दगड, रंगीत काचा, सगळं नीट झालं. २०१८ ला युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको शैलीतल्या इमारतींना जागतिक वारसा म्हटलं, त्यात हा टॉवर आहे. अभिमान आहेच. पण राज्यातल्या बाकीच्या टॉवरांनी टीसीएस कुठून आणायची?

लंडनच्या बिग बेनला आजही आठवड्यातून तीनदा चावी देतात. तिथल्या लंबकावर जुनी पेनी नाणी ठेवलेली असतात, एक नाणं वाढवलं की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जातं. मी हे बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "म्हणजे तिथेही माणूस लागतोच की." एवढंच मला तुम्हाला सांगायचंय साहेब. घड्याळ हे मशीन आहे पण ते माणसावर चालतं, आणि तुमच्या यंत्रणेत त्या माणसाची जागाच नाही. बाबांना महिन्याला ३०० रुपये मानधन होतं, तेही ऑडिटमध्ये कुणीतरी विचारलं की हे पद कुठे मंजूर आहे, आणि बंद झालं. बोर्डाला ६ लाख निघाले असं ऐकतोय, कारण बोर्ड नवीन काम, त्याचं टेंडर निघतं, उद्घाटन होतं, फोटो येतो. तेल घालण्याचं उद्घाटन कोण करणार? शाळेची कौलं, नदीचा घाट, वाचनालय, सगळीकडे हेच चाललंय, बांधायला पैसा आहे, सांभाळायला नाही, आणि मोडलं की म्हणायचं जुनं झालं होतं. जुनं नव्हतं झालं हो, उपाशी ठेवलं होतं.

मला मानधनाची बाकी नको. ते मशीन भंगारात जायच्या आत थांबवा, त्यासाठी एक फोन पुरे. पितळी चक्रं वितळली की परत मिळायची नाहीत. आणि राज्यात असे किती टॉवर बंद पडलेत, त्यांना चावी देणारे कोण जिवंत आहेत, याची एकदा यादी करा. हे लोक सगळे सत्तरीच्या पुढचे आहेत, उशीर करू नका.

चावीचं हँडल आमच्याकडे आहे. पालिकेने मागितलंच नाही, त्यांना ते असतं हेच माहीत नव्हतं. बाबांनी धोतराच्या तुकड्यात गुंडाळून देवघराखाली ठेवलंय, दर रविवारी तेलाचं बोट फिरवतात. मशीन परत बसवलंत तर माणूस पाठवा, बाबा त्याला शिकवायला तयार आहेत, जिना चढता येत नाही म्हणून चौथ्या पायरीवर बसून सांगतील.

आपला,
एका घड्याळवाल्याचा मुलगा