लुईची हरवलेली चार वर्षं

प्रिय बंड्या,

परवा तू फोन आपटलास. "जो लुईला अलीच्या वर बसवणाऱ्या माणसाशी मला बोलायचं नाही," असं म्हणालास आणि लाइन गेली. बरंच झालं. फोनवर तू मला तिसरं वाक्य कधी पुरं करू देत नाहीस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

पहिली गोष्ट, हेवीवेट बॉक्सिंगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या वजनगटात, मुहम्मद अली थोर की जो लुई, या आपल्या जुन्या वादात मी लुईला वर बसवलं नव्हतं. तू हिशोबात खोट करतोस, एवढंच म्हणालो होतो. तुझा हुकमी एक्का मला ठाऊक आहे: ती साडेतीन वर्षं. २२ मार्च १९६७ ला अलीने झोरा फॉलीला झोपवलं, २८ एप्रिलला ह्यूस्टनमध्ये सैन्यभरतीला नकार दिला, त्यापायी त्याच्यावर बंदी आली, आणि मग थेट २६ ऑक्टोबर १९७० ला अटलांटात जेरी क्वॉरीसमोर उभा राहिला. पंचविसाव्या वर्षी गेला तो अठ्ठाविसाव्या वर्षी परतला. मधला अली कुणी पाहिलाच नाही आणि तोच सर्वोत्तम असणार होता, असं तू म्हणतोस. मान्य. मीही हे अनेकांना ऐकवलंय.

पण बंड्या, लुईचं काय? मार्च १९४२ मध्ये त्याने एब सायमनला हरवलं, तेव्हा तो अठ्ठावीसला टेकला होता. त्यानंतरची त्याची जगज्जेतेपदाच्या किताबाची लढत जून १९४६ मध्ये. म्हणजे सव्वाचार वर्षं. महायुद्ध चालू होतं, तो सैन्यात होता, जवानांपुढे प्रदर्शनी लढती खेळत होता. परत आला तेव्हा बत्तीस वर्षांचा. अलीची गेलेली वर्षं आपण त्याच्या खात्यावर जमा धरतो, अगदी व्याजासकट. लुईची मात्र कुणी मोजतच नाही. आणि अलीला परतल्यावर निदान सात-आठ चांगली वर्षं मिळाली. लुई परतला तो उतारावरच. मला गेल्या महिन्यात हे एकदम खटकलं आणि मग रात्री जागून दोघांच्या जुन्या लढती पुन्हा पाहिल्या. घरचे वैतागले, ते सोड.

आता मजा ऐक. दोघांचीही एकेक खोड होती, आणि दोघांच्याही मोठेपणाचा माझा हिशोब तिथून सुरू होतो.

लुई डाव्या हाताने जॅब, म्हणजे सरळ झटपट ठोसा, मारायचा आणि हात परत घेताना तो जरा खाली सोडायचा. क्षणभरच. जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने चित्रफिती पाहून ते हेरलं आणि १९ जून १९३६ ला, यांकी स्टेडियममध्ये, त्या खाली आलेल्या हातावरून उजवा ठोसा घालत राहिला. चौथ्या फेरीत लुई पडला, बाराव्या फेरीत संपला. तोवर त्याला कुणी हरवलेलं नव्हतं. वय बावीस. दुसरा कुणी असता तर त्याचं त्या रात्रीच वाटोळं झालं असतं. हा गडी पुढच्याच वर्षी, २२ जून १९३७ ला, जेम्स ब्रॅडॉककडून किताब जिंकला आणि म्हणाला की श्मेलिंगला हरवेपर्यंत मला चॅम्पियन म्हणू नका. बरोब्बर एका वर्षाने, २२ जून १९३८, पुन्हा यांकी स्टेडियम, समोर श्मेलिंग. १२४ सेकंद. श्मेलिंग तीनदा पडला. त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल आला, तो पंच आर्थर डोनोव्हनने बाहेर भिरकावला आणि पुढच्या काही क्षणांत लढत स्वतःच थांबवली.

अलीची खोड वेगळी. हात कमरेशी आणि ठोसा आला की डोकं सरळ मागे. कुठल्याही तालमीत पोराला असं करताना पाहिलं तर वस्ताद कान उपटेल. पायांत वारा भरलेला होता तोवर ते खपून गेलं. पण डाव्या हुकला, म्हणजे बाजूने वळून येणाऱ्या ठोशाला, ते डोकं नेमकं सापडायचं. १९६३ मध्ये वेम्ब्लीला हेन्री कूपरने त्याला त्याच हुकने बसवलं, आणि ८ मार्च १९७१ ला पंधराव्या फेरीत जो फ्रेझियरनेही त्याच हुकने. आठ वर्षांनी तोच ठोसा, तीच चूक! लुईने आपली खोड दोन वर्षांत बरीचशी काढली. अलीने आपली काढलीच नाही. मार खाऊन उठायची सवय मात्र लावून घेतली. कारागीर म्हणून विचारशील तर माझं मत लुईला.

("बरीचशी" हा शब्द मी मुद्दाम वापरला, तू पकडशील म्हणून. डिसेंबर १९४७ मध्ये जर्सी जो वॉलकॉटने तेहतिशीच्या लुईला दोनदा पाडलं, दोन्ही वेळा उजव्यानेच. त्या रात्री रिंगमधल्या पंचाने वॉलकॉटलाच विजयी धरलं होतं. बाहेरच्या दोन परीक्षकांनी लुईला तारलं. लुई स्वतः निकालाआधीच रिंग सोडून निघाला होता. पुढच्या जूनमध्ये मात्र त्याने वॉलकॉटला अकराव्या फेरीत झोपवून विषय मिटवला.)

आता एक काम कर. १८ जून १९४१ ची बिली कॉनबरोबरची लढत काढ. कॉन लाइट हेवीवेटमधून, म्हणजे खालच्या वजनगटातून आलेला, वजनाने कितीतरी हलका, पण पाय असे की लुईला तो सापडेचना. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा गुण देणाऱ्या तिघांपैकी दोघांच्या कागदावर कॉन पुढे, तिसऱ्याच्या कागदावर बरोबरी. उरलेल्या तीन फेऱ्या नुसता पळाला असता तरी चालत होतं. पण बाराव्या फेरीत त्याने लुईला हलवलं होतं, आणि आता नॉकआउटच करतो म्हणून तेराव्यात तो लुईपुढे येऊन उभा राहिला. आवाज बंद कर आणि लुईच्या हातांकडे नको, पायांकडे बघ. पाय उचलतच नाही रे तो. घासत आणतो. अर्धं पाऊल, परत अर्धं पाऊल, आणि प्रत्येक वेळी अंगाचं वजन दोन्ही पायांवर तोललेलं, म्हणजे केव्हाही मारता येईल. ठोसेही लांबून येत नाहीत. वीतभर अंतरातून, पण मागे अख्खं अंग. फेरी संपायला दोन सेकंद होती तेव्हा कॉन बाद झाला.

अलीची अशी एक फेरी दाखव, असं म्हणालो तर तू १४ नोव्हेंबर १९६६ म्हणणार. ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम, क्लीव्हलँड विल्यम्स, तीन फेऱ्यांत खेळ खलास. सुंदर आहे, वाद नाही. मागे सरकत सरकत मारतो आणि समोरचा पडतो. हेवीवेटमध्ये हे आधी कुणी पाहिलं नव्हतं. पण विल्यम्सला दोन वर्षांपूर्वी पोलिसाची गोळी लागली होती आणि त्याचं एक मूत्रपिंड काढलं होतं, हे तू प्रत्येक वेळी गिळतोस. त्या लढतीवर अलीचा किल्ला उभारू नकोस.

तुझ्या अलीचा खरा किल्ला परतल्यानंतरचा आहे, आणि इथे मी तुझ्यापुढे हात टेकतो. ३० ऑक्टोबर १९७४, किन्शासा. जॉर्ज फोरमनने फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलेलं, नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत संपवलेलं. म्हणजे ज्या दोघांनी अलीला हरवलं होतं त्यांचा त्याने चेंदा केलेला. अली बत्तीस, फोरमन पंचवीस. पाय पूर्वीसारखे नाहीत हे अलीला कळलं होतं, म्हणून त्याने दोरांना पाठ लावली आणि फोरमनला मारू दिलं. आठव्या फेरीत दमलेला फोरमन गोल फिरत खाली जात होता, तेव्हा अलीचा उजवा हात पुन्हा उगारलेला होता. मारला नाही त्याने. पडणाऱ्या माणसाभोवती फिरला आणि तो ठोसा हातातच ठेवला. मला सगळ्या अलीत तो न मारलेला ठोसा सर्वांत जास्त आवडतो.

प्रतिस्पर्ध्यांचा मुद्दाही तुझाच. लिस्टन, फ्रेझियर तीनदा, नॉर्टन तीनदा, फोरमन: असा जमाव लुईच्या वाट्याला आला नाही. २५ वेळा किताब राखला हा हेवीवेटमधला विक्रम आजही लुईच्याच नावावर आहे, पण त्यातल्या काही लढतींना तेव्हाचे पत्रकारच 'दर महिन्याला एक भिकार गडी' असं हिणवत. त्याला माझं उत्तर एवढंच की तो लपला नाही. जो पुढे आला त्याच्याशी लढला, तेही डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत सात वेळा. आणि लक्षात घे, १९१५ मध्ये जॅक जॉन्सन हरल्यापासून बावीस वर्षं एकाही कृष्णवर्णीयाला या किताबासाठी लढूच दिलं नव्हतं. लुईच्या व्यवस्थापकांनी त्याला बजावलं होतं: पडलेल्या गोऱ्यापुढे कधी मिरवायचं नाही. त्याचा चेहरा दगडासारखा दिसतो तो त्यामुळे. १९६५ मध्ये पडलेल्या लिस्टनवर ओरडणाऱ्या अलीचा फोटो तुझ्या भिंतीवर आहे ना? तसा फोटो लुईला परवडणारा नव्हता. अलीला तो परवडला यात लुईचाही वाटा आहे, हे अलीने तरुणपणी लुईला टोचून बोलताना लक्षात घेतलं नाही.

शेवट दोघांचाही वाईट. लुई कराच्या थकबाकीपायी निवृत्तीतून परतला, एझार्ड चार्ल्सकडून हरला, आणि १९५१ मध्ये मार्सियानोने त्याला दोरांबाहेर फेकलं. अली १९८० मध्ये लॅरी होम्सपुढे उभा राहिला. ती लढत मी पुन्हा बघत नाही, तूही बघू नकोस.

तर निकाल. १९६६ चा अली आणि १९३८ चा लुई समोरासमोर आले तर अली जिंकेल, पंधरा फेऱ्यांत, गुणांवर. पळणाऱ्याने लुईला छळलं आहे, आणि कॉनपेक्षा अली खूप मोठा आणि वेगवान. पण लुईचा डावा हुक त्याला एकदा तरी खाली बसवणार, आणि तो उठेपर्यंत तुझा जीव तोंडात येणार. सर्वकालीन थोरपणात मात्र मी दोघांना एकाच पायरीवर ठेवतो. अलीला वर ढकलायचं तर जी साडेतीन वर्षं मोजायची, तीच फूटपट्टी लुईच्या सव्वाचार वर्षांना लावून बघ, आणि मग फोन कर. या वेळी मला तिसरं वाक्य पुरं करू दे.

तुझाच,
अव्या

ता. क. मार्सियानोचं नाव काढू नकोस. ४९ लढती, एकही हार नाही, हे मलाही पाठ आहे.