कारगिलची आंतर्देशीय पत्रं जपायला हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२६ जुलै जवळ आला की शाळांमधून बोलावणं येतं. मुलं टायगर हिलविषयी विचारतात. १९९९ साली मी द्रासला बोफोर्स तोफेवर होतो. जे पाहिलं ते सांगतो, अभिमानानं सांगतो. पण तिथं आमच्या मनात काय चालायचं, हे कुणी विचारत नाही.

जून महिना. त्रेचाळीस किलोचा एकेक गोळा उचलून दंड भरून यायचे. तोफ थांबली की सगळ्या शेतकऱ्यांच्या पोरांचं बोलणं एकच, गावाकडं मृग लागला का? आमच्या कोरेगाव भागात तेव्हा घेवड्याच्या पेरणीची घाई असते. समोरून गोळे येतच होते. मरणाचा विचार यायचा तो हिशेबातून. सोसायटीचं कर्ज कोण भरणार, धाकटीचं लग्न कोण उरकणार.

एकदा आमच्या बॅटरीचा, म्हणजे तोफांच्या तुकडीचा, क्लार्क कागद घेऊन आला. "विम्याला नॉमिनी आईच ठेवायची, का बायकोचं नाव घालायचं?" लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पेन हातात धरून मी बराच वेळ बसलो आणि शेवटी दोघींना निम्मं निम्मं लिहिलं. सही करताना आपण खरंच जाऊ शकतो हे कळलं.

त्याच संध्याकाळी घरी आंतर्देशीय लिहिलं. त्यात या कागदाचं अक्षरही नाही. 'मी खुशाल आहे, काळजी नसावी. घेवडा पेरला का? म्हैस व्याली का?' आणि कडेला आईसाठी एक ओळ, 'माझ्यासाठी उपास धरू नकोस.'

कारगिलमध्ये ५२७ जवान शहीद झाले. त्यांच्या घरच्या ट्रंकांत अशी पत्रं असतील. घडीवर कागद फाटतो, शाई उडते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी शिपायांची पत्रं इंग्रजांच्या सेन्सॉरनं वाचली आणि त्यांचे उतारे काढून ठेवले, म्हणून ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत वाचायला मिळतात. परक्यांनी संशयापोटी जपलं, मग आपण मायेपोटी का जपू नये?

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी कुटुंबांची परवानगी घेऊन या पत्रांच्या प्रती काढून ठेवाव्यात. घरगुती मजकूर म्हणून काही गाळू नये. माझी पत्रं बायकोनं जपली आहेत. ती द्यायला आम्ही दोघंही तयार आहोत.

– एक निवृत्त हवालदार (तोफखाना), ता. कोरेगाव, जि. सातारा