शिक्क्याची शाई काळी होती

अमळनेर
मे महिना, भर दुपार

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आखाजीच्या सणाहून तू परत गेल्यापासून आपलं धड बोलणं नाही. मी विचारते जेवलीस का, तू म्हणतेस हो, मग दोघी गप्प, मग फोन पप्पांकडे. शेवटी तेच म्हणाले, तुमचं फोनवर जमत नाही तर लिहून टाक एकदाचं. म्हणून बसलेय. सकाळपासून लाइट नाही, कूलर बंद, कागदाला हात चिकटतोय. अक्षर फिसकटलं तर समजून घे. पत्र साध्या टपालाने टाकणार आहे, पोहोचेल तेव्हा पोहोचेल. आणि आधीच सांगून ठेवते, यात मी झोपेचं काही विचारणार नाही.

तू ऑनलाइन टाकलेल्या त्या आईवरच्या कवितेखालच्या कमेंटी सगळ्या वाचल्या मी. तू म्हणालीस ना, तुला काय कळतंय त्यातलं? शेजारच्या ओमकडून शिकून घेतलं आणि शेवटपर्यंत गेले, चष्मा लावून. आयुष्य लोकांच्या टपालात गेलंय माझं. कोणी मनापासून लिहिलंय आणि कोणी रीत म्हणून, एवढं मला कळतं.

निम्म्यांनी तुझी कविता वाचलेलीच नाही. एकाने खाली 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' लिहिलंय. वर 'आई' दिसलं, खाली फोटो दिसला, झालं. 'खूपच छान ताई', 'अप्रतिम', 'जय खान्देश', आणि ते जोडलेले हात तर किती. मला त्यात वाईट वाटलं नाही. चालत्या एसटीतून देऊळ दिसलं की लोक हात जोडतातच, उतरत कोणी नाही. पण त्या हातांची संख्या धरून तू सांजोऱ्या तळताना एका हातात झारा आणि एका हातात फोन घेऊन उभी होतीस, तेव्हा मला राहवलं नाही. 'कविता कर, पण वहीत कर' असं मी म्हणाले, ते तुला लागलं. अर्धं मागे घेते. वहीत कर हे मागे घेते.

आता त्या 'बिचारी माउली' लिहिणाऱ्यांबद्दल. मी बिचारी कधी होते गं? पोस्टाच्या नोकरीवर माझी मान ताठ होती. शिरपूरच्या लग्नाचं कर्ज माझ्या पगारातून फिटलं, नानांना विचार. आणि तुझी कविता वाचून सत्तर-ऐंशी जणांनी ठरवून टाकलं की मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारत मनातल्या मनात रडत होते. कविता चांगली आहे. खरं सांगते, पहिल्यांदा वाचली तेव्हा चुलीवर दूध उतू गेलं. (गॅसवर. जिजीची सवय लागलीय मला.) पण त्यातली आई मी नाही. कुठे माझा पदर आहे, कुठे जिजीचा हात आहे, आणि ते खिडकीबाहेर बघत राहणं तर तुझं स्वतःचं आहे. लहानपणी शाळा सुटली की माझ्या काउंटरमागे पार्सलांवर बसून तूच बघायचीस.

एका बाईने खाली अहिराणीत एवढंच लिहिलंय, 'मन्ही मायनी याद उनी.' ती मला आवडली. तिच्या आईने पोस्टाची पायरीही कधी चढली नसेल. तरी तिला तिची आई दिसली. मग मला सांग, ती कविता तिच्या आईची झाली, आणखी कोणाच्या आईची झाली, तर 'आईला विकून लाइक गोळा करतेस' असं जो म्हणाला तो नेमक्या कोणत्या आईबद्दल बोलला? मला तर तो ओळखत नाही. मला कोणी विकलेलं नाही, मी इथे घामाने भिजत बसलेय. तसंच ते 'गद्याला एंटर मारला की कविता होते' वालं. आणि 'शुद्ध मराठी येत नाही का' वालं. आणि तो, ज्याने फक्त आडनाव विचारलं. या तिघा-चौघांपायी तू रात्र काढलीस. दोन चाळीसला तू ऑनलाइन दिसत होतीस. मी पाणी प्यायला उठले होते, म्हणून दिसलं. असो. नाही विचारत.

पण एक गोष्ट मला खरंच पटली नाही. 'शिक्क्याची शाई निळी नसते, काळी असते' असं लिहिणाऱ्या गृहस्थांना तू ब्लॉक केलंस. मनू, शाई काळीच होती. जांभळं पॅड होतं, ते अंगठ्यासाठी आणि ऑफिसच्या रबरी शिक्क्यासाठी. तारखेचा शिक्का वेगळा, धातूचा, लाकडी मुठीचा. रोज सकाळी चिमट्याने त्यातले आकडे काढून नवी तारीख बसवायची, काळ्या शाईवर दाबायचा आणि पहिला ठसा वहीत घ्यायचा. तो नीट उमटला की मगच टपालाला हात. घाईत आकडा उलटा बसला तर तो ठसा वहीत कायमचा राहायचा. तू निळी का लिहिलीस मला माहीत आहे. माझ्या बोटांवर तुला नेहमी जांभळट डाग दिसायचे. पण त्या माणसाने शाईपर्यंत येऊन कविता वाचली. एवढ्या गर्दीत तो एकटाच खिडकीच्या आतून बोलत होता. त्याने कदाचित माझ्यासारखाच जन्मभर शिक्का मारला असेल. आणि तुला राग आला तो त्याचा सगळ्यात जास्त!

आपल्या खात्यात असताना एक गुरुजी यायचे, नाव लिहीत नाही, त्यांची मुलं आहेत गावात. ते कविता करायचे आणि मासिकांना पाठवायचे. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचे, कारण त्याशिवाय संपादक नापसंत कविता परत पाठवत नसत. 'साभार परत' म्हणायचे त्याला. एसटीवरून दुपारी बॅग उतरायची. आम्ही ती फोडून सॉर्टिंग करेपर्यंत गुरुजी बाहेर सायकल धरून उभे. मी त्यांचं पाकीट काढून पुढे करायची. त्यांना ते उघडावंच लागायचं नाही. पाकिटावर स्वतःचंच अक्षर दिसलं की कळायचं, परत आली. काही न बोलता पिशवीत टाकायचे आणि आंतरदेशीय पत्र आहे का विचारायचे, उगीच, काहीतरी घ्यायचं म्हणून.

मग एका वर्षी कुठल्याशा दिवाळी अंकात त्यांची कविता आली. अंक बुकपोस्टाने आला, आणि पुढच्या महिन्याभरात दोन-चार पोस्टकार्डं. पोस्टकार्ड उघडंच असतं, आम्ही वाचायचो, खोटं कशाला बोलू. एका कार्डावर कोणीतरी विचारलं होतं, दुसऱ्या कडव्यात पाऊस आधी पडतो आणि ढग नंतर येतात, हे मुद्दाम आहे का चूक? गुरुजींचं तोंड पडलं असेल म्हणतेस? छे. काउंटरवरच उभं राहून त्यांनी त्याला उत्तर लिहिलं, कार्डाच्या कडेपर्यंत, पत्त्याच्या जागेतही शिरले. त्या माणसाचं पुन्हा कार्ड आलं. पुढे त्यांचं ते चालूच राहिलं, मी बदलून गेले तोवर तरी.

हे मी का सांगतेय? तेव्हाचं चांगलं आणि आताचं वाईट असं मला म्हणायचं नाही. तेव्हा गुरुजींच्या कवितेला जेमतेम दोन-चार माणसं मिळाली, तीही इतक्या वर्षांनी. तुला एका दुपारीत शेकडो मिळाली. मला फक्त एवढंच दिसतं की बॅग दिवसातून एकदा यायची. ती फोडली, वाटली, की संपलं. बरं आलं असो की वाईट, उद्या दुपारपर्यंत नवीन काही येणार नाही हे गुरुजींना माहीत असायचं, आणि ते घरी जाऊन जेवून झोपायचे. तुझी बॅग संपतच नाही गं. मध्यरात्रीही कोणीतरी काहीतरी टाकतंच त्यात. आणि तू एकटी सॉर्टिंगला बसलेली. तुझ्या रूमवरची ती मुलगी मला म्हणाली... जाऊ दे, तिला मध्ये ओढत नाही. डोळ्यांखाली काळं आलंय ते मला इथे दिसलंच होतं. किती वाजता झोपतेस? विचारणार नव्हते.

लेक्चर झालं. माफ कर. पप्पा म्हणतात, रिटायर झाल्यापासून मी सगळ्यांना काउंटरवर उभं करते.

बहिणाबाईंचं उदाहरण देणार नव्हते. खान्देशात कोणी पोरगी चार ओळी लिहायला लागली की जो तो तेच देतो. पण परवा मनात आलं ते लिहिते. त्या गेल्या डिसेंबर १९५१मध्ये आणि पुस्तक निघालं १९५२ला. म्हणजे त्या पुस्तकाचा एकही वाचक त्यांनी बघितला नाही. वाहवा नाही, शिवी नाही, 'ही कसली भाषा' म्हणणाराही नाही. हे चांगलं का वाईट, मला ठरवता येत नाही. तुझ्या वाट्याला तसं यावं असं मी म्हणणार नाही, तुझे वाचक तुला भेटावेत. चाळीसगावच्या केकी मूसांचंही तसंच. शाळेच्या सहलीत तू त्यांचं घर बघून आलीस आणि आठवडाभर बोलत होतीस, की तो माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर पडला नाही आणि फोटोंना बक्षिसं मात्र बाहेर मिळत राहिली. तसंही होऊ नको. आधीच तू रविवारी रूमबाहेर पडत नाहीस.

आणि दुसरे ते, आपल्या आत्याच्या धरणगावचे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि लोकांनी त्याला बालकवी करून टाकलं. केवढी वाहवा! आणि ५ मे १९१८ला भादली स्टेशनजवळ गाडीखाली, सत्तावीस वर्षांचा असताना. परवाच ५ मे झाली. अपघात होता तो, कवितेचा आणि त्याचा काही संबंध नाही, मला कळतं. पण भुसावळला जाताना भादली आलं की मी खिडकीतून बघत नाही. तुला सत्ताविसावं लागलंय. आईच्या डोक्यात काय काय येतं ते कागदावर उतरवू नये. उतरवलं. खोडत नाही, कारण खोडलेलं तू उजेडात धरून वाचशीलच.

आता गंमत ऐक. परवा आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तुझी कविता आली! तुझं नाव उडवलेलं, मागे मावळता सूर्य, आणि कुठल्या तरी परक्या म्हातारीचा फोटो. तासाभराने तीच कविता कासारबाईंनी दुसऱ्या ग्रुपवरून टाकली, तर खाली एका मोठ्या गेलेल्या कवीचं नाव! मी लिहिलं, 'ही माझ्या मुलीची कविता आहे, त्यातली आई मी आहे.' दोघींनी अंगठा दाखवला. एकीने विचारलं, उद्या हळदीकुंकू किती वाजता. कोणी विश्वास ठेवला नाही. मला इतका राग आला की मी पप्पांना कविता मोठ्याने वाचून दाखवली, तुझ्या नावासकट, शेजारी ऐकू जाईल अशी. पप्पा ऐकून म्हणाले, 'शाई काळी होती ना?'

तर मनू, आईला बिचारी केलंस त्याचा मला राग नाही, थोडा आहे. चोरीचा जास्त आहे. २०२४ला आपल्या गावात साहित्य संमेलन झालं तेव्हा कविकट्ट्यावर तू मला घेऊन बसली होतीस. आठवतं? समोर बसलेले निम्मे लोक आपला नंबर कधी येतो एवढंच बघत होते, आणि नंबर झाला की पिशवी उचलून चालते. तू मला म्हणालीस, 'आई, हे ऐकतच नाहीयेत गं.' तेव्हा तू हसत होतीस. मी शेवटपर्यंत बसून होते, तुझ्यानंतरच्या सगळ्यांचंही ऐकलं. तू नेमकं काय वाचलंस ते मात्र विसरले. घाबरले होते मी, तू अडखळशील म्हणून.

जिजीच्या पद्धतीचं कळण्याचं पीठ, बिबड्या आणि शेंगदाण्याची चटणी वेगळ्या पार्सलने टाकतेय. पीठ फ्रिजमध्ये ठेव, उडदाला लवकर कीड लागते. चटणी रूमवरच्या मुलीलाही दे.

आणि त्या गृहस्थांना अनब्लॉक कर. शाई बदलायची का नाही ते तुझं तू ठरव, निळी कानाला बरी लागते हे मलाही कळतं. पण त्यांना दोन ओळी लिही. कुठल्या पोस्टात होते ते विचार, माझ्या ओळखीचे निघतील. उत्तर आलं तर मला कळव. दिवसा.

तुझी
आई