मडगार्डची कड दुमडताना

संपादक महोदय,

रुंद टायर बसवल्यावर किंवा गाडीची उंची कमी केल्यावर टायर घासू नये म्हणून मडगार्डची आतली कड वर दुमडून घेतली जाते. हे काम मुळात चुकीचे नाही. घासणारी कड टायरची बाजू कापते आणि बाजूला पडलेला काप सुरक्षितपणे दुरुस्त होत नाही. माझी तक्रार आहे ती हे काम घाईने उरकण्याबद्दल.

माझ्या गाडीची मागची कड एका कारागिराने टायर आणि पत्रा यांच्यामध्ये लाकडी दांडा घालून, गाडी पुढेमागे ढकलत, थंड पत्र्यावरच दुमडली. रंगाला पडलेल्या बारीक भेगा तेव्हा मला दिसल्या नाहीत. दोन वर्षांत तिथे गंजाचे फुगवटे आले. वास्तविक चाक काढून हबला, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसते त्या भागाला, बसवायचे रोलरचे हत्यार यासाठी मिळते. हीट गनने रंग लवचीक होईपर्यंत ऊब देत आणि दाब थोडाथोडा वाढवत अनेक फेऱ्यांत कड वर न्यायची असते. एकदम दाब दिला तर मडगार्डच्या बाहेरच्या गोलाईला लाटा पडतात आणि त्या काढणे फार कठीण असते.

पुढचे मडगार्ड बहुतेक गाड्यांत बोल्टने बसवलेले असते, बिघडले तर बदलता येते. मागे मात्र बाहेरचा पत्रा आणि चाकाच्या पोकळीचा आतला पत्रा सहसा याच कडेवर स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात आणि त्यांच्यामधली फट सीलंटने बुजवलेली असते. कड वळली की सीलंट फाटते, पाणी आत झिरपते आणि बाहेरून काही दिसण्याच्या आधीच पत्रा आतून कुजू लागतो. म्हणून नवे सीलंट, प्रायमर आणि रंग लावल्याशिवाय मागचे काम पूर्ण झाले असे मानूच नये. जुन्या दुरुस्तीत पुट्टी भरलेली असेल, तर ती तडकणारच, हेही मालकाला आधी सांगायला हवे.

कित्येकदा मूळ दोष रिमच्या निवडीत असतो. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीचा मध्य आणि रिमची हबला टेकणारी बाजू यांमधले मिलिमीटरमधले अंतर. तेवढ्याच रुंदीची, पण ४५ ऐवजी ३५ ऑफसेटची रिम घेतली की चाक १० मिलिमीटर बाहेर येते. अशा वेळी योग्य रिम घेतल्यास पत्र्याला हात लावावाच लागत नाही. त्यामुळे गॅरेजचालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, कडेच्या आतल्या बाजूला खडू फासून, गाडीत पूर्ण वजन ठेवून ती खड्ड्यांतून आणि पूर्ण वळणावर चालवावी, खडू नेमका कुठे पुसला गेला ते मालकाला दाखवावे आणि मगच रोलर हाती घ्यावा.

आपला,
एक वाचक