रात्रपाळीचा भात

डिचोली, रविवार

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज चढला, म्हणून मी पुढे बोलले नाही. मेस तुझी, कारभार तुझा. पण रात्रपाळीच्या त्या मुलाला तुझ्याकडे जेवून उलट्या झाल्या हे ऐकल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. तू म्हणतोस उन्हाने झालं असेल. असेलही. त्या दिवशीचा भात कधी शिजवला होता आणि कशात ठेवला होता, एवढंच मला सांग.

तू वेर्ण्याला मेस काढलीस तेव्हा हे तुझ्यासमोर काही बोलले नाहीत, पण वाड्यावर सगळ्यांना सांगत फिरले. थोरल्याने तेव्हा नाक मुरडलं होतं, आता तोच तुझ्याकडे माणसं पाठवतो. मला हे सगळं दिसतं रे. म्हणूनच भीती वाटते.

सातला उतरवलेला टोप अकराला उघडतोस, तेव्हा भात कोमट असतो. ना गरम, ना गार. घात तिथेच होतो. शाळांचं जेवण आमचा बायकांचा गट करायचा तेव्हा आम्हाला आधी हेच शिकवलं होतं. भातात एका जिवाणूचं बीज असतं, ते शिजतानाही मरत नाही. भात कोमट पडून राहिला की ते रुजतं आणि विष तयार होतं. ते विष पुन्हा तापवून जात नाही. तेव्हा फोडणी घालून चांगली वाफ काढली की झालं, हे डोक्यातून काढून टाक. शिजलेलं अन्न साठ अंशांच्या वर राहिलं पाहिजे, नाहीतर दोन तासांत पानात वाढलं गेलं पाहिजे.

आता म्हणशील, आजी नाही का ठेवायची? ठेवायची. पेजेचं मडकं गवताच्या चुंबळीवर बसवून वरून गोणपाट गुंडाळायची आणि शेतावर न्यायची. झाकण काढलं की तोंडावर वाफ यायची. पण माणसं बांधावर वाटच बघत असायची, मडकं तिथल्या तिथे रिकामं व्हायचं. तुझ्या बाबांचा खाणीवरचा डबाही मी पाळीची वेळ बघून भरायचे. २०१२ ला खाण बंद पडली आणि तो डबा फळीवर गेला. ते दिवस तुला आठवत असतील, माझ्या गटाच्या पैशांवर तुझी फी भरली. असो, हे कुठे लिहीत बसले.

मोठा कॅसरोल आहे ना? भात भरायच्या आधी त्यात उकळतं पाणी ओत, झाकण लावून दहा मिनिटं ठेव. पाणी ओतून दे आणि लगेच वाफाळता भात काठोकाठ भर. अर्धा रिकामा डबा लवकर निवतो. थर्मामीटर लावताना सुई नुसती मधोमध खुपसू नकोस, कडेलाही बघ, कारण कडा आधी निवते. माशांचं हुमण पाण्यावर ठेव, रुंद पातेल्यात कढत पाणी घालून त्यात टोप बसव. पण आधी गॅसवर खदखदवून मगच. गार हुमण पाण्यावर तापवत बसलास तर ते तासभर कोमटच राहतं. कुकरच्या ‘वॉर्म’चंही तेच, तो गरम ठेवतो, गार अन्न तापवत नाही. आणि उरलेल्या भातात ताजा भात मिसळायचा नाही. कितीही घाई असो.

बघ, शिकवायला बसले. चाळीस माणसांचं जेवण तू रोज करतोस, तुला काय सांगायचं! रागावू नकोस.

तरीपण रात्रपाळीचा भात वेगळाच लाव. तांदूळ मोजून ठेव, दहाला कुकर चढव, अकराला ताजा भात वाढ. गॅस जास्त जाईल, जाऊ दे. पैसे कमी पडले तर ह्यांना नको, मला सांग.

शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजाराला जाणार आहे, हुमणासाठी दुसरा कॅसरोल बघते. किती लिटरचा हवा ते गुरुवारपर्यंत कळव.

तुझी,
आई