उनपदेवला शास्त्रीय माहितीचा फलक हवा

संपादक महोदय,

चोपडा तालुक्यातल्या उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर सहलीला आलेल्या मुलांना ‘खाली ज्वालामुखी आहे’ असं बिनदिक्कत सांगितलं जातं. ते चूक आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या भेगांतून खोल मुरलेलं पाणी भूगर्भातल्या उष्णतेने तापून वर येतं.

हीच उष्णता समुद्रतळाशी केवढं काम करते! अरबी समुद्राच्या दक्षिणेला कार्ल्सबर्ग या समुद्राखालच्या पर्वतरांगेपाशी भारतीय आणि आफ्रिकी भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे) एकमेकांपासून वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर दूर सरकतात. मधल्या फटीत नवा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक, तयार होतो. अशा रांगांजवळ उष्णतेचा प्रवाह सर्वाधिक. तळ जुना होतो तसा तो थंड, जड होऊन खचतो. म्हणून रांगेवर सुमारे अडीच किलोमीटर असलेली पाण्याची खोली पुढे पाच-सहा किलोमीटरवर जाते. १९७७ मध्ये प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांजवळ समुद्रतळाचे उष्ण झरे सापडले, तेही सूर्यप्रकाशाविना जगणाऱ्या जीवसृष्टीसह. आपला खानदेशातला काळा पाषाणही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा.

हे सारं सोप्या मराठीत सांगणारा फलक जिल्हा प्रशासनाने उनपदेवला लावावा आणि जळगावच्या विद्यापीठाने त्याचा मजकूर तपासून द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक भूगोल शिक्षक, चोपडा