जुलाबाचा जंतू यादीत बसला नाही तर फेकू नका

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

जुलाबाची साथ आली की बातमीत 'ई-कोलाय आढळले' एवढंच येतं आणि विषय संपतो, हे बरेच दिवस खटकतंय म्हणून लिहितोय. अहो, ई-कोलाय आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात असतात आणि त्यातले बहुतेक काही त्रास देत नाहीत, मुद्दा असा असतो की सापडलेला कुठल्या प्रकारचा, त्याच्यात विषाचा जीन आहे का. शिगा टॉक्सिन नावाचं विष बनवणारा निघाला तर किडनीला धोका असतो आणि अँटिबायोटिक देतानाही डॉक्टर दहादा विचार करतात.

मी लॅबमध्येच काम करतो. कॉलराचा संशय असला की स्लाइडवर कॉलनी (प्लेटवर उगवलेला जंतूंचा ठिपका) कालवायची, ओ१ या कॉलऱ्याच्या ओळखीच्या गटाविरुद्धच्या सिरमचा थेंब टाकायचा आणि स्लाइड हलवत बघायचं, जंतू एकमेकांना चिकटून बारीक रवा धरला तर ओ१, नाही धरला तर 'ओ१ नाही' असा शेरा. १९९२ च्या शेवटी मद्रासकडून जी साथ सुरू झाली आणि पुढे बंगाल, बांगलादेशात पसरली तिच्यात रवा धरतच नव्हता, आणि तोवर समज असा की ओ१ नसलेल्याने मोठी साथ येत नाही. पण पेशंट तर कॉलरासारखेच कोरडे पडत होते, मोठी माणसंही, कारण ओ१ ची जुनी प्रतिकारशक्ती इथे कामाला येत नव्हती. तेव्हा माहीत असलेल्या १३८ गटांपैकी एकातही तो बसला नाही, म्हणून ओ१३९ हा नवा गट झाला. रवा धरला नाही म्हणून सगळ्या प्लेट फेकून दिल्या असत्या तर हे कळायला किती उशीर झाला असता.

जर्मनीत २०११ साली ई-कोलायच्या साथीत तेच. ओ१५७ हा शिगा टॉक्सिनवाला ओळखीचा ई-कोलाय, तो ओळखायची सॉर्बिटॉल या साखरेची प्लेट असते, तिच्यावर त्याच्या कॉलनी रंगहीन दिसतात, पण तिथला ओ१०४:एच४ बाकीच्या निरुपद्रवी ई-कोलायसारखाच गुलाबी उगवायचा. आतड्याला चिकटून राहणारी जात आणि वर शिगा टॉक्सिनचा जीन, असं विचित्र मिश्रण होतं ते. पन्नासच्या वर माणसं गेली, आधी काकडीवर आळ आला आणि शेवटी मेथीचे मोड निघाले.

आणि ओळख पटवायची किट तिच्या यादीतलं सगळ्यात जवळचं नाव देते, हे लोकांना माहीतच नसतं! बांगलादेशातल्या जुलाब झालेल्या मुलांमध्ये सापडलेला एक जंतू १९९१ मध्ये हाफ्निया अल्व्हाय म्हणून नोंदला गेला, तो वेगळीच प्रजाती आहे हे ठरून एश्चेरिशिया अल्बर्टाय हे नाव मिळायला २००३ उजाडलं. स्ट्रेन (पेशंटकडून वेगळे काढलेले जंतू) जपून ठेवले होते म्हणून निदान परत तपासता तरी आले.

आता पीसीआरची (जंतूचे जीन शोधणाऱ्या चाचणीची) पॅनेल आलीत, ती चांगलीच आहेत, तासा-दोन तासात उत्तर मिळतं, पण ती फक्त ठरलेले जीन शोधतात आणि हातात जिवंत जंतू राहत नाही, मग सेन्सिटिव्हिटी (कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल ती चाचणी) कशावर लावणार? म्हणून पॅनेल पॉझिटिव्ह आलं तरी कल्चर लावा, म्हणजे जंतू प्लेटवर वाढवा, आणि जो नीट ओळखू येत नाही तो ग्लिसरॉलमध्ये उणे ७० ला ठेवा आणि रेफरन्स लॅबला पाठवा, सिक्वेन्सिंग, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए वाचणं, ते करतील.

तुमच्या वार्ताहरांनाही विनंती आहे, पुढच्या साथीत अधिकाऱ्यांना एवढं विचाराच, सिरोटाइप (जंतूचा गट) कुठला, टॉक्सिनचा जीन बघितला का आणि स्ट्रेन ठेवलाय का.

आपला,
एक लॅब टेक्निशियन